गुलामाच्या जागी कोण?

आमचा एक पेंटर दोस्त आहे. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आलं आणि पाट्या गेल्या. आता वस्तीतल्या भिंती रंगवतो, चौदा एप्रिलच्या कमानी रंगवतो आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या मनानं चित्रं काढतो. सध्या त्यानं पत्त्यांचा कॅट काढायला घेतलाय. चार रंग, बावन्न पानं, वर दोन जोकर. सगळं हातानं. त्याचं म्हणणं सरळ आहे. आपली पोरं दिवसरात्र कुठल्यातरी परक्या राजाराणीला हातात धरून बसतात, त्यापेक्षा आपली माणसं त्यांच्या हातात असू देत.

अर्धा कॅट झाल्यावर त्यानं मला दाखवला आणि म्हणाला, "यावर लिही." लिहितोय. पण दोस्ती घरी ठेवून लिहितोय, हे त्यानंही लक्षात घ्यावं. आपल्याकडं एक खोड पडलीय. आपल्या माणसानं निळा रंग वापरला की टाळ्या, आणि दोष दाखवला की फितूर. अशानं चळवळीचं चित्र कधी सुधारणार नाही.

आधी कॅटात काय आहे ते सांगतो. बदामाच्या जागी पिंपळाचं पान, चौकटच्या जागी पुस्तक, किलवरच्या जागी पेनाचं टोक, इस्पिकच्या जागी मशाल. चार राजे म्हणजे बुद्ध, कबीर, जोतीराव आणि बाबासाहेब. चार राण्या म्हणजे सावित्रीबाई, रमाई, मुक्ता साळवे आणि ताराबाई शिंदे. जोकर दोन, एक पुजारी आणि एक निवडणुकीपुरता वस्तीत येणारा पुढारी. चार गुलामांची पानं मात्र कोरी. तिथं त्याचं घोडं अडलंय. "गुलामाच्या जागी कोण घालू?" हा त्याचा प्रश्न. या लेखाचाही तोच.

चांगलं आहे ते आधी बोलू. रोजच्या कॅटातले राजेराण्या कधी नीट बघितलेत का? त्यांना पाय नसतात. वर डोकं, खाली उलटं डोकं, मधे कमरेत जोड. पान कसंही धरलं तरी राजा सरळच, त्याच्यावर कधी उलटं व्हायची पाळी येत नाही. आमच्या दोस्तानं हा प्रकार मोडलाय. त्याची माणसं पूर्ण आहेत, पायांसकट. सावित्रीबाईचं पान तर मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. ती शाळेला निघालीय. पदरावर शेणाचा डाग, काखेत दुसऱ्या लुगड्याची घडी, आणि पाऊल पुढं टाकलेलं. अंगावर शेण पडणार हे धरूनच बाई घरातून निघाली, हे त्या घडीनं सांगितलं. एक शब्द लिहावा लागला नाही. मुक्ता साळवे छोटी मुलगी काढलीय, पाटी घेतलेली. १८५५ मध्ये तिनं मांगमहारांच्या दुःखावर निबंध लिहिला तेव्हा ती फुल्यांच्या शाळेतली पोरच होती. मोठी बाई काढून तिला मखरात बसवायचा मोह त्यानं टाळला. याला मी चित्रकाराची अक्कल म्हणतो.

आता भांडण.

आमच्या सूतगिरणीत रातपाळीच्या चहाच्या सुट्टीत बॉबिनचं खोकं उलटं घालून आम्ही मेंढीकोट खेळतो. खेळाकडं मी कधी विचारानं बघितलं नव्हतं. या कॅटानं बघायला लावलं. कॅट म्हणजे काय? तेरा पायऱ्यांची उतरंड. दुर्रीला तिर्री मारते, तिर्रीला चव्वी मारते, दश्शीला गुलाम, गुलामाला राणी, राणीला राजा. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी आहे आणि प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी आहे. वरच्याचा मार खायचा आणि खालच्याला मारून समाधान मानायचं. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध असमानता म्हटलं, ते हेच. नुसती असमानता असती तर सगळे खालचे एक होऊन वरच्यावर गेले असते. पायऱ्या आहेत म्हणून तसं होत नाही. पंजीला राजाचा राग नसतो, तिचं सगळं लक्ष चव्वीवर.

आता हुकूम बघा. परवाचाच डाव. हुकूम इस्पिकचा होता. माझ्या हातात बदामाचा एक्का. मी ऐटीत टाकला. पुढच्याकडं बदाम नव्हतं, त्यानं इस्पिकची दुर्री टाकली आणि हात उचलून नेला. सगळे हसले. मी हसलो नाही. मला आमच्या वस्तीतला एक पोरगा आठवला. शिकला, साहेब झाला, आपल्या रंगात एक्का झाला. आणि ऑफिसातला हुकमाच्या रंगाचा शिपाई त्याला पाण्याचा ग्लास आणून देत नाही, लांब टेबलावर ठेवून जातो. हुकमाच्या दुर्रीला परक्या रंगाचा एक्का मारता येतो, एवढं कळलं की जात कळली. मग शिक्षणानं जात जाते, पैशानं जाते, असं सांगणाऱ्यांना पत्ते खेळायला बसवावं.

तर माझा पहिला आक्षेप असा. दोस्तानं राजे बदलले, राण्या बदलल्या, रंगांची चिन्हं बदलली. पायऱ्या तशाच ठेवल्या. हुकूम तसाच ठेवला. पाटी नवी, दुकान तेच. पाट्या रंगवायची सवय हातातून गेली नाही असं मी त्याला म्हणालो, तर तो दोन दिवस बोलला नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. बुद्ध राजा कसा?

त्यासाठी एका जुन्या कॅटाकडं जावं लागतं. आपल्याच महाराष्ट्रात, सावंतवाडीला, गंजिफा तयार होतात. पानं चौकोनी नसतात, गोल असतात. चिंचोक्याची खळ, खडू, रंग, वर लाखेचा थर, आणि एकेका पानावर हातानं काढलेलं चित्र. करणारे चितारी. खेळ मरत आला होता. १९७० नंतरच्या दशकात तिथल्या राजवाड्यानं तो पुन्हा उभा केला. आज ते संच खेळायला कमी आणि काचेच्या कपाटात ठेवायला जास्त विकले जातात. चितारी लोकांच्या हाताला माझा सलाम आहे. दोन बोटांएवढ्या जागेत ते जे काढतात ते आमच्या भल्या भल्या शिकलेल्या चित्रकारांना साधायचं नाही. पण हात कितीही चांगला असला तरी त्या हाताकडून काय काढून घेतलं गेलं, हे विचारावंच लागतं.

दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं, एकूण १२० पानं. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराचा एकेक रंग. प्रत्येक रंगाला एक राजा, एक प्रधान आणि एक्कीपासून दश्शीपर्यंत आकड्यांची पानं. राणी नाही. बाईला या दरबारात जागाच नाही. गंजिफाचा एक नियम मोठा गमतीचा आहे. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्की लहान, उरलेल्या अर्ध्या रंगांत एक्की मोठी आणि दश्शी लहान. म्हणजे खालच्यांच्यात उलथापालथ होते. आज तू वर, उद्या मी वर. राजा आणि प्रधान मात्र दहाही रंगांत जागचे हलत नाहीत. पाचपाच वर्षांनी मतदान होतं तेव्हा मला हा नियम आठवतो.

आणि या दहा रंगांतला नववा रंग कुणाचा? बुद्धाचा. ओरिसाकडच्या संचांत त्या जागी जगन्नाथ येतो. आपल्याकडच्या दशावताराच्या चित्रांत नवव्या जागी विठोबाही दिसतो. म्हणजे आधी बुद्धाला विष्णूच्या रांगेत नववा उभा केला, आणि तरीही तो पचेना तेव्हा तिथून उठवून दुसऱ्याला उभं केलं. घरात घेतलं तेही आपलं नाव देऊन, आणि बाहेर काढलं तेही न बोलता. कुणी म्हणेल, पत्त्याच्या पानावरून एवढं काय? पण माणूस धर्मग्रंथ वर्षातून एकदा उघडतो, आणि पत्ते रोज पिसतो. बुद्ध हा विष्णूचा अवतार, ही गोष्ट पोथीपेक्षा अशा खेळांनी, चित्रांनी, कॅलेंडरांनी जास्त लोकांच्या डोक्यात घातली. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात पाचवी प्रतिज्ञा खास याच खोट्यावर होती. बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मानणार नाही, हा प्रचार खोटा आणि खोडसाळ आहे, असं लाखो माणसांनी उभं राहून म्हटलं. त्या दिवशी गंजिफातला नववा रंग आपण डावातून काढून घेतला.

यातला आणखी एक विनोद आहे, कडू विनोद. बुद्धानं सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जो उपदेश केला त्यात जुगाराचे सहा तोटे एकेक करून सांगितलेत. त्याच माणसाला जुगाराच्या पानावर बसवलं, आणि हाताखाली प्रधान दिला.

हे सगळं आमच्या दोस्ताला माहीत आहे. त्याच्या घरी बावीस प्रतिज्ञांची चौकट भिंतीला आहे. तरी त्यानं काय केलं? बुद्धाला पुन्हा राजाच्या पानावर बसवलं. ज्यानं राजवाडा सोडला त्याला ओढत परत राजवाड्यात नेलं. विष्णूचा नववा नाही, आमचा पहिला, एवढाच फरक. अरे, पण बुद्धाच्या संघात पायऱ्या कशा होत्या ते तरी बघ. शाक्यांचे राजपुत्र दीक्षा घ्यायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली न्हावी होता. त्याला आधी दीक्षा दिली, म्हणजे पुढं राजपुत्रांनी त्याला वंदन करावं, त्यांचा माज उतरावा. तो उपाली तुझ्या कॅटात कुठाय? बुद्धाचं मोठेपण त्याच्या मुकुटात शोधलंस. ते त्या न्हाव्याच्या पानात होतं.

बाबासाहेबांचंही तेच. राजा हा शब्द त्यांना लावताना जीभ अडखळली पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी इशारा दिला होता, की राजकारणातली भक्ती माणसाला आणि देशाला हुकूमशाहीकडं नेते. आपण त्यांचीच भक्ती करून त्यांचा इशारा बुडवला. आणि खेळातली साधी गोष्ट बघ. राजाचं पान हुकमाच्या दुर्रीनं मारलं जाणार. थुंकी लावून उचललं जाणार. चहाच्या डागावर आपटलं जाणार. मग कुणीतरी उठेल, म्हणेल बाबासाहेबांचा अपमान झाला, आणि वस्तीत दोन गट पडतील. जे चित्र डोक्यावर घ्यायचं, ते हातात खेळायला द्यायचं नाही. जे हातात द्यायचं, त्याला देव करायचं नाही. तू दोन्ही एकदम करायला गेलास.

आता कुणी म्हणेल, पत्त्यांच्या कॅटात क्रांती आणणार तरी कशी? जगात हा प्रयत्न झालेला आहे. त्याची दोन उदाहरणं देतो, कारण आपल्या आधी कोण कुठं घसरलं हे माहीत असलेलं बरं.

एक उदाहरण अकबराचं. ऐन-ए-अकबरीत अबुल फजलनं बादशहाच्या गंजिफाचं वर्णन लिहून ठेवलंय. जुन्या संचात बारा रंग, १४४ पानं. अकबरानं पुढं काही रंगांच्या पानांत स्वतः बदल केले. धनाचा राजा मोहरा वाटतो, त्याचा वजीर खजिना तपासतो, आणि खालच्या पानांवर खजिन्यातले नोकर. धातू वितळवणारा, तोलणारा, नाणं पाडणारा, मोजणारा. दफ्तराच्या रंगात कागद बनवणारा, नोंदी करणारा, फर्मान लिहिणारा. तलवारीच्या रंगात लोहार आणि धार लावणारे. मुकुटाच्या रंगात शिंपी. हे वाचलं तेव्हा मी उठून बसलो. पत्त्याच्या पानावर कामगार! तोही सोळाव्या शतकात! पण आनंद फार टिकला नाही. कामगार आहे, पण तो आकडा आहे. त्याला नाव नाही. राजा बघतो, वजीर तपासतो, आणि हा राबतो. आमच्या गिरणीच्या हजेरीबुकाचंच ते चित्र. आणि तिथंही जनावर सोलणारा, मैला वाहणारा माझ्या नजरेला पडला नाही. खजिन्यातला तोलणारा तरी पानावर चढला, वेशीबाहेरचा पानावरसुद्धा चढला नाही.

त्याच संचात एक रंग आख्खा गुलामांचा आहे. गुलामांनाही राजा आहे. राजा हत्तीवर बसलाय, वजीर गाडीवर, आणि खालच्या पानांवर नोकरचाकर, कुणी बसलेले, कुणी पिऊन पडलेले, कुणी शुद्धीवर. बादशहाला गुलाम दिसला तो असा. गुलाम पितो हे त्याला दिसलं. का पितो हे पानावर मावलं नाही.

दुसरं उदाहरण फ्रान्सचं. तिथं क्रांती झाली, १७९३ च्या जानेवारीत राजाचं डोकं उडवलं. मग पत्त्यातला राजा कसा ठेवायचा? १७९३-९४ च्या सुमारास जोम आणि द्युगूर या दोघांनी पॅरिसमध्ये नवा कॅट काढला. द्युगूर हा चित्रकार. क्रांतीच्या आधी राजघराण्यासाठी नक्षीकाम करणारा. त्यांनी राजांच्या जागी युद्ध, शांतता, कला, व्यापार यांच्या प्रतिभा बसवल्या. राण्यांच्या जागी स्वातंत्र्यं, धर्माचं, लग्नाचं, छापण्याचं, धंद्याचं. गुलामांच्या जागी समता, हक्कांची, कर्तव्यांची, दर्जाची आणि वर्णाची. एक्क्यावर कायदा, म्हणजे सगळ्यांच्या वर कायदा.

विचार मोठा होता, हे मान्य. पण जागा बघा. समतेला कुठं बसवलं? गुलामाच्या जागी! चित्राच्या पानांत सगळ्यात खाली. डाव सुरू झाला की स्वातंत्र्य समतेला मारणार आणि प्रतिभा दोघींना मारणार. नावं क्रांतीची, उतरंड राजाचीच. पुढं नेपोलियनच्या काळात पत्त्यांत राजे परत आले, आणि देशाच्या गादीवर सम्राट बसला. पायऱ्या शाबूत ठेवल्या की वरच्या पायरीवर बसायला कुणीतरी येतंच.

तरी त्या कॅटातलं एक पान मला विसरता येत नाही. वर्णाची समता. चित्रात काळा माणूस आहे, कालपर्यंतचा गुलाम. कॉफीच्या गोणीवर बसलाय, हातात बंदूक, पायाखाली तुटलेलं जू. बाजूला ऊस. म्हणजे त्याच्याकडून जे पिकवून घेतलं त्याच्यावरच तो बसलाय. ४ फेब्रुवारी १७९४ ला फ्रान्सनं आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली, तेव्हाचं हे वातावरण. पण चित्र बघून फसू नका. त्या माणसाच्या हातात बंदूक पॅरिसच्या चित्रकारानं दिली नव्हती. ऑगस्ट १७९१ मध्येच सां-दोमिंगच्या मळ्यांतले गुलाम पेटून उठले होते. १८०२ मध्ये नेपोलियननं गुलामगिरी परत आणली तेव्हाही ते झुकले नाहीत, आणि १ जानेवारी १८०४ ला त्यांनी हैती हा आपला देश जाहीर केला. आधी माणूस उठला, मग चित्र निघालं. चित्रकारानं एवढंच केलं की जे घडलं ते गुलामाच्या पानावरून लपवलं नाही. एवढंही थोडं नाही.

आता दोस्ताच्या चार कोऱ्या पानांकडं येतो.

त्याचा पहिला विचार होता, चारही गुलाम शेंडीवाले करायचे. मनू आणि त्याचे भाईबंद. आपण मारू त्यांना दर डावाला! मला मोह झाला नाही असं नाही. पण हे खोटं आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, मनूला घरी नोकर ठेवला नाही. मनूला गुलाम करायचं म्हणजे गुलामाचं पान कायम ठेवायचं, फक्त माणूस बदलायचा. आणि संध्याकाळभर मनूला मारून समाधानानं झोपलेल्या पोराला सकाळी दिसणारच नाही की गुलाम अजून कोण आहे.

त्याचा दुसरा विचार, शब्दच बदलायचा. गुलाम नको, सैनिक म्हणू. हे जास्त सभ्य आणि म्हणून जास्त घातक. गुलाम हा शब्द आपल्याला लाजेचा नाही. आपल्या विचाराची सुरुवात त्या शब्दापासून आहे. १८७३ मध्ये जोतीरावांनी पुस्तक लिहिलं त्याचं नाव 'गुलामगिरी', आणि ते अर्पण केलं अमेरिकेत काळ्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्या माणसानं आपली आणि त्यांची बेडी एकच आहे हे ओळखलं. शब्द पुसला की बेडी तुटत नाही, दिसायची बंद होते. पोरं 'सैनिक' म्हणून पान टाकतील आणि कुणीच विचारणार नाही की याला आधी काय म्हणत होते.

आपल्याकडं लहानपणापासून 'गुलामचोर' खेळतात. एक गुलाम काढून ठेवायचा, बाकी पानांच्या जोड्या लावत जायच्या. शेवटी ज्याच्या हातात बिनजोडीचा गुलाम उरला तो चोर. मी कितीदा चोर झालो आणि कितीदा रडलो! त्या वयात कळलं नाही की गुलामाला चोर ठरवायचं शिक्षण खेळातच मिळत होतं. वस्तीत काही चोरीला गेलं की पोलीस आधी कुठल्या घरात शिरतात ते आठवा. पारध्यांच्या पोरांना विचारा.

तर माझी सूचना. दोस्ता, शब्द 'गुलाम' राहू दे. जागा राहू दे. आणि तिथं आजचा माणूस काढ. एका पानावर गटारात उतरणारा. मैला माणसाकडून उचलून घ्यायला बंदी करणारा कायदा १९९३ मध्ये झाला, २०१३ मध्ये पुन्हा झाला, आणि माणूस अजून दोर बांधून खाली उतरतोय. दुसऱ्या पानावर ऊसतोडीची बाई, डोक्यावर मोळी आणि पोटात पोर. तिसऱ्यावर वीटभट्टीवरचा, उचल घेतलेला. चौथ्यावर आमच्यातला एक, गेटावर उभा असलेला बदली कामगार, आज काम मिळेल का म्हणून जॉबरच्या तोंडाकडं बघणारा. पायांसकट काढ, जशी सावित्रीबाई काढलीस. आणि प्रत्येकाचे डोळे सरळ खेळणाऱ्याकडं. पान हातात घेणाऱ्याला 'गुलाम' म्हणताना अडखळलं पाहिजे.

राजाच्या पानावरून बुद्ध, कबीर, जोतीराव, बाबासाहेब उतरव. त्यांना कुठल्याच पानावर बसवू नकोस. त्यांचा विचार एक्क्यावर घाल. एक माणूस, एक मत, एक मूल्य. एक्का म्हणजे एकच ठिपका, पण तो राजाच्या वर असतो. राजाच्या खुर्चीवर ज्याची सत्ता खरोखर आहे त्याला बसव, सावकार, कारखानदार, मठाधिपती, मंत्री. म्हणजे एक्क्यानं राजा मारला की खेळणाऱ्याला काय झालं ते कळेल.

आणि शेवटचं, जे चित्रकाराच्या हातात नाही. आमच्या खात्यात बंगालकडून आलेला एक कामगार आहे. त्यानं आम्हाला 'एकोणतीस' नावाचा खेळ शिकवला. त्यात सत्तीपासून वरचीच पानं घेतात, आणि सगळ्यात मोठं पान गुलाम! त्याखाली नव्वी, मग एक्का, मग दश्शी. राजाराणी त्याच्याही खाली, आणि त्यांना गुण शून्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही त्याला वेड्यात काढलं. गुलाम राजाला मारतो? तो म्हणाला, "आमच्याकडं मारतो." पानं तीच, चित्रं तीच, कारखानाही तोच. राजाच्या चित्रात मोठेपण नव्हतंच. ते खेळणाऱ्यांनी मान्य केलं होतं म्हणून होतं. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलं की जात ही विटांची भिंत नाही, मनात मान्य करून ठेवलेली गोष्ट आहे, आणि तिला पावित्र्य देणारी शास्त्रं मोडल्याशिवाय ती मोडत नाही. बॉबिनच्या खोक्यावर मला ते पुन्हा कळलं. 'एकोणतीस'मध्येही अठ्ठी आणि सत्ती तळालाच राहतात, त्यामुळं हा खेळ म्हणजे मुक्ती असं मी म्हणणार नाही. पण नियम माणसाचा आहे आणि माणूस तो बदलू शकतो, एवढं त्यानं दाखवलं. चित्रकारानं पान बदलावं. नियम तुम्हीआम्ही बदलायचाय, आणि तो डावाबाहेर बदलायचाय.

हे सगळं मी दोस्ताला वाचून दाखवलं. तो चिडला. "मग तूच काढ," म्हणाला. चार दिवसांनी रात्री आला आणि एक पान माझ्यापुढं टाकलं. बदली कामगार. गेट बंद, हातात डबा, डोळे सरळ माझ्याकडं. वर कोपऱ्यात पेनाचं टोक आणि खाली स्वच्छ अक्षरात 'गुलाम'. चेहरा माझा होता. मी काहीच बोललो नाही. तो म्हणाला, "आता लिही."

ते रेखाटन या लेखाशेजारी छापावं, अशी संपादकांना विनंती. लेख नाही वाचला तरी चालेल, पान बघा.

जय भीम.